पिठावरची नऊ पावलं

बाबा,

तुला अक्षरं येत नव्हती, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. येत असती तर पहिल्याच ओळीवर बोट ठेवून तू विचारलं असतंस, "हे कोनं केलं?" आणि माझी पंचाईत झाली असती. आज रविवार आहे, दुपारचे दोन वाजलेत आणि लॅबमध्ये कुणी नाही. मी पुण्यात ॲनिमेशन आणि इंटरॅक्टिव्ह मीडिया शिकते, शेवटचं वर्ष आहे. हे काय असतं ते तुला सांगायची वेळच आली नाही, तू गेलास तेव्हा मी नववीत होते. माय लोकांना सांगते, "पोरगी चित्र हालवाचं शिकून राह्यली," आणि आमच्या विद्यापीठाच्या गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा ते जास्त खरं आहे. चित्र हलवायचं, हे ॲनिमेशन. समोर माणूस उभा राहिला की त्याला ओळखून चित्रानं काहीतरी करायचं, हे इंटरॅक्टिव्ह. एवढंच शिकायला पाच वर्षं लागतात, हसू नकोस.

पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं होतं, ओळखीच्या एका माणसाला चालवून दाखवा. चोवीस चित्रांत दोन पावलं, मग तीच पुन्हा पुन्हा. कुणी आजी चालवली, कुणी हॉस्टेलचा वॉचमन. मी तुला चालवलं. खाकी शर्ट, हातात झाडायची फांदी. पडद्यावर बघून सर म्हणाले, "याचा उजवा पाय बाहेर का पडतो?" मी तो मुद्दाम काढलाच नव्हता. तू मोहाच्या झाडावरून पडलास, पाय वाकडा बसला, अंगठा बाजूला गेला, हे सगळं माझ्या हाताला माझ्याआधी आठवलं होतं. मग सर म्हणाले, बंद कर आता, आणि मला बटण सापडेना. अंधाऱ्या वर्गात तू जागच्या जागी चालत राहिलास. मुलं हसली, मग हसायची थांबली. तुला चेहरा नव्हता. बाबा, तुझा चेहरा मला आठवत नाही. चाल आठवते, चेहरा नाही, आणि याची मला लाज वाटते.

तुझं काम वनमजुराचं. जंगलातल्या रस्त्यावर आडवी मऊ धुळीची पट्टी, ती रोज सकाळी फांदीनं झाडून सारखी करायची आणि रात्रीतून कोण गेलं ते दुसऱ्या दिवशी वाचायचं. गार्डसाहेबांकडे वही होती, तुझ्याकडे डोळे होते. सुट्टीच्या दिवशी तू मला न्यायचास. वाघ चालतो तेव्हा मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या खुणेवर पडतो, म्हणून चार पायांचा वाघ दोन पायांचा दिसतो, हे मला तिथं कळलं. एकदा, अकरा वर्षांची असेन, मी तुझ्या नकळत पट्टीत मूठ दाबली आणि वर बोटांची टोकं टेकवली. आपल्या गावातल्या सगळ्या पोरांना येतं ते, हुबेहूब वाघाचं पाऊल होतं. गार्डसाहेब खूश झाले, माप घेतलं, वहीत लिहिलंसुद्धा. तू वाकलास आणि म्हणालास, "हे कोनं केलं? याच्या पुढचं पाऊल कुठी आहे? वाघ का उडून आला न उडून गेला?" मग माझं मनगट धरून मला साहेबांसमोर उभं केलंस आणि माझ्याच तोंडानं सांगायला लावलंस. साहेब हसले. तू हसला नाहीस. दारात आल्यावर एवढंच म्हणालास, "एकटं पाऊल नसते, बाई. मागचं असते, पुढचं असते. नसन, त ते खोटं समजाचं."

आता जे सांगायचंय ते सांगते.

तू तापानं गेलास. आपल्या रीतीप्रमाणे तिसऱ्या दिवशी भुमकानं, म्हणजे आपल्या गावच्या पुजाऱ्यानं, तुझा जीव गेला त्या कोपऱ्यात तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलायची; पिठात पाऊल उमटलं आणि ते घराच्या आत वळलेलं असलं, तर गेलेला माणूस घरी परत आला, आता तो घरातच राहणार. मायनं तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, पण आत कुणी नसल्यासारखे. पहाटे सगळ्यांच्या आधी मी उठले आणि टोपली उचलून पाहिली. पीठ सपाट होतं. एका मुंगीची रेघसुद्धा नव्हती. मी मूठ आडवी धरून पिठात दाबली, वर पाच बोटं टेकवली, अंगठ्याचं टेकवताना जरा बाजूला टेकवलं, आणि टोपली पुन्हा झाकली. भुमकानं टोपली उचलली तेव्हा माय सरपटत पुढे आली, अंगठा बघितला आणि किंचाळून रडली. "आला वो! घरात आला!" त्या दिवशी ती जेवली. मी जिंकले असं मला वाटलं. त्या दिवसापासून चुलीवरून उतरलेल्या भाताचा पहिला घास ती तुझ्या कोपऱ्यात ठेवू लागली.

मग गाव उठलं. वाघासाठी जंगल मोकळं करायचं ठरलं आणि सगळ्यांना पक्क्या रस्त्याकडेला नवीन घरं मिळाली. लोकांनी जाताना दारं काढून नेली, कौलं नेली, चौकटी नेल्या. भुमक देव घेऊन गेला. मागच्या उन्हाळ्यात मी आले तेव्हा तिथं नुसत्या भिंती उभ्या होत्या आणि शाळेच्या ओसरीवर वानरं बसली होती, वर्ग भरल्यासारखी. अख्ख्या गावात एकच दार शिल्लक होतं, आपलं. माय गेलेल्या शेजारणीचं अंगणही झाडून ठेवायची, सवय म्हणून. वीज तोडलेली. आणि गल्लीच्या धुळीत मी वाकून पाहिलं तर पावलं होती, मागचं पुढच्यावर पडलेलं, एका दारावरून दुसऱ्या दारावर, प्रत्येक घरी जरा थांबून गेलेली. आपल्या दारापाशी जास्त वेळ थांबली होती.

मी मायला म्हटलं, चल. ती म्हणाली, "त्याले सोडून कशी येऊ, बाई? तो घरात हाय. तूच पायलं ना पाऊल?"

भुमकाला विचारलं. तो म्हणाला, "पिठावर पाऊल बाह्यर जाताना दिसलं, त तुही माय मोकळी." त्यानं एकदा पीठ पसरलंही होतं. काही उमटलं नाही आणि माय खूश झाली, तुला जायचं नाही म्हणून. तेव्हा कळलं, बाबा. माझ्या एका मुठीनं ती आठ वर्षं तिथं बांधली गेली होती, आणि आता एखाद्या दिवशी ते दार उघडं सापडेल आणि आत ती नसेल. हाताचं खोटं पाऊल पुन्हा करावं, तर आता ती पिठाजवळ डोळ्यांत तेल घालून बसणार.

पुण्याला परतल्यावर मी माझ्या शेवटच्या प्रोजेक्टचा विषय बदलला. जमिनीवर पांढरा पृष्ठभाग, छताला प्रोजेक्टर आणि एक कॅमेरा. कॅमेरा माणसं मोजतो. जितकी माणसं, तितक्यांच्या मागे पावलं उमटत जातात. सरांना फार आवडलं. त्यांना हे माहीत नव्हतं की मी लॅबमध्ये किलोकिलो तांदळाचं पीठ पसरून तुझी पावलं रंगवत होते. आधी टाच, मग कड, मग बोटं, कडेला पिठाचा छोटा उंचवटा. सावली नीट पडली की खड्डा आहे असंच वाटतं. कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत नऊ पावलं बसत होती. मागचं होतं, पुढचं होतं. या वेळी तूसुद्धा फसला असतास.

दिवाळीच्या सुट्टीत बॅटरीवर चालणारा छोटा प्रोजेक्टर लॅबमधून सही करून घेतला आणि घरी नेला. माय पाण्याला गेली तेव्हा तो धान साठवायच्या उंच ढोलीवर रिकाम्या टोपल्यांच्या मागे लपवला. भर दुपार निवडली, कारण आपलं घर दुपारीच सगळ्यांत अंधारं असतं. पीठ पसरलं, दार लावलं, मायला दारापाशी बसवलं. बाहेर एक पाखरू बोलत नव्हतं. मी ओढणीखाली मोबाइलवर बोट ठेवलं.

पहिलं पाऊल कोपऱ्यात उमटलं. मग उजवं, बाहेर वळलेलं. माय हलली नाही. तिसरं, चौथं. ते मी केलं होतं, प्रत्येक चित्र माझं होतं, तरी सहाव्या पावलाला तू माझ्या अगदी जवळून चाललास आणि मी पाय आखडून घेतले. नववं उंबऱ्याला लागून पडलं. मग नुसतं पीठ.

"गेला," माय म्हणाली. रडली नाही. हात जोडले, उठली, कपड्यांचं गाठोडं बांधलं, तवा घेतला. आठ वर्षं अडलेलं काम पाव तासात झालं. मी प्रोजेक्टर पिशवीत टाकला, पीठ झाडून काढलं आणि दार उघडलं.

अंगण मायनं सकाळीच झाडलं होतं. उंबऱ्याच्या पलीकडे, जिथं पीठ नव्हतं आणि माझा प्रकाश पोचूच शकत नव्हता, तिथं धुळीत दहावं पाऊल होतं. उजवं, बाहेर वळलेलं, अंगठा बाजूला. पुढे अकरावं. मी बसले आणि तू शिकवलंस तसं वाचलं. टाचेची कड खोल होती, ताजी, आत अजून एक कणही ढासळला नव्हता. माणसाचं वजन होतं त्यात. पावलं अंगणातून गल्लीत गेली होती आणि गल्लीतून मी सांगून आणलेला टेम्पो उभा होता त्या रस्त्याकडे.

माय माझ्या बाजूनं निघाली. डोक्यावर गाठोडं, मान ताठ, तिला खाली बघताच येत नव्हतं. तिचा पाय दहाव्या पावलावर पडला. दुसरा अकराव्यावर. एकही चुकला नाही. शेवटच्या पडक्या भिंतीपाशी जाऊन मी मागं वळून पाहिलं तर सगळ्या वाटेवर फक्त तिचीच पावलं होती.

टेम्पोत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मी मागे सामानात. वाटेत जंगल संपेपर्यंत मी पिशवी छातीशी धरून होते.

नव्या घरात आता वीज आहे, नळ आहे, शेजारीण आहे. पहिल्या संध्याकाळी भात उतरल्यावर मी बघत होते. मायनं कोपऱ्याकडे बघितलं नाही, सरळ दोन ताटं वाढली. मी विचारलं, बाबाचा घास? ती म्हणाली, "इथी कुठी हाय तो? मी त्याच्याच पावलावर पाय देत आली. खालची माती दाबलेली लागे पायाले. टेम्पोपाशी सरली पावलं." मग भात कालवत अगदी सहज म्हणाली, "मी म्होरं बसली ना. तो मांगं चढला. तुह्यापाशी."

मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

बाबा, मी तुला खोट्यानं घरात आणलं आणि खोट्यानं बाहेर काढलं. त्याचा राग असेल तर मनगट धर, कुणासमोर उभं करायचं तिथं कर, मी माझ्या तोंडानं सांगेन. माय सुखरूप आहे, एवढं फक्त आधी ऐक. हे पत्र मी टाकणार नाही, टाकणार तरी कुठं. लिहून झालं की लॅबमधल्या माझ्या ड्रॉवरमध्ये राहील.

पुढच्या आठवड्यात प्रोजेक्ट दाखवायचाय आणि एक अडचण आहे. जमिनीवर मी एकटी उभी राहिले तरी कॅमेरा दोन माणसं मोजतो. परवा सर फोनवर म्हणाले, मागच्या खुर्चीला तो माणूस समजतोय, साधी चूक आहे, खुर्ची बाजूला काढ म्हणजे झालं. मी हो म्हटलं. खुर्ची मी मागच्या सोमवारीच बाहेर नेऊन ठेवली आहे, हे मी सरांना सांगितलेलं नाही.