खांबाशेजारची जागा

ता. १२ डिसेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या फोनमधले फोटो छापून आले ते मिळाले. कपाळावर हात मारून घेतला! अगं, चौकातल्या रोषणाईचा माझा जुना फोटो तुला नमुना म्हणून धाडला होता, तो काय भिंतीला लावायला? घड्याळाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहा, दिव्याचा खांब डावीकडे धर, एवढंच सांगितलं होतं. तू खांब मधोमध घेतलास आणि कोपऱ्यात स्वतःचं बोट. माझ्या फोटोंच्या प्रदर्शनात ‘तेव्हा’ आणि ‘आता’ शेजारी लागणार आहेत. लोक म्हणतील, तेव्हा दिवे होते, आता बोट आहे.

नाताळच्या सुट्ट्या संपल्या की दिवे उतरवतील. पुन्हा जा. आणि खांबाशी कोणी उभं नको, जागा मोकळी हवी. माझे गुडघे जेमतेम आहेत. सूनबाई काळजी घेते.

तुझ्या बोटाला विटलेला,
दादा

ता. १७ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तीनदा जाऊन आले. तुझं घड्याळाचं दुकान आता चष्म्यांचं झालंय, पायरी केव्हाच तोडली. तिसऱ्या खेपेला त्या माणसाने माझा नंबरच तपासला. वाढलाय.

आणि मोकळी जागा कुठून आणू? तुझ्या वेळी अर्धं मिनिट शटर उघडं ठेवलं की चालती माणसं पुसली जायची, न हलता उभं राहील तेवढंच उमटायचं. म्हणून तर भरल्या चौकात एकटी वहिनी दिसते, खांबाला टेकलेली. आता मेलं कोणी चालतच नाही! सगळे हात वर करून फोटो काढत उभे.

स्पष्टच सांगते, राग आला तर येऊ दे. वहिनी गेल्यापासून तू मुलाकडे जाऊन बसलायस, इकडे पाऊल टाकत नाहीस. ती जागा माझ्या डोळ्यांनी बघू नकोस, स्वतः ये. वरची खोली झाडून ठेवलीय. मी आता फोटो काढणार नाही म्हणजे नाही.

लोभ उरला असेल तर चार ओळी धाड.

तुझीच
ठमी

ता. २२ डिसेंबर

चि. ठमीस आशीर्वाद, मनात नसतानाही.

लहानपणापासून हट्टी ती हट्टीच राहिलीस. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही हेच खरं. २८ तारखेला सकाळच्या गाडीने निघतो. ट्रायपॉड आणतोय. वरची खोली नको, जिना चढवत नाही. खालीच गादी टाक.

खरं सांगू? त्या खांबाशी कोणी नाही, हे एकट्याने बघायची छाती होत नव्हती. म्हणून तुला पिटाळत होतो.

आता खांबाशी तू उभी राहा. ती श्वास धरून उभी राहायची, एकदाही हलली नाही. तुझी टकळी काही थांबायची नाही, मान हलेल, हात हलतील, आणि फोटोत नुसता धूर उमटेल. मला ठाऊक आहे.

हललीस तरी चालेल.

गाडीवर घ्यायला ये, म्हणजे लोभ कळेल.

दादा