खात्रीलायक सूत्रांची होडी

३ जानेवारी, सकाळ
ठरलं. या वर्षी निःपक्षपाती पत्रकारिता. 'गेमची खबर' चॅनल, सबस्क्राइबर २१४ (त्यात मामाकडचे नऊ). नियम तीन. गेम पूर्ण खेळल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. सूत्र पक्कं असल्याशिवाय बातमी नाही. डोकं तापलेलं असताना पोस्ट नाही.
आई म्हणाली, कॉलेजचा फॉर्म भर. म्हटलं, पत्रकाराला डिग्री लागत नाही, नाक लागतं. म्हणाली, मग आधी ते पूस.

५ जानेवारी
जान्हवी भेटली. कॉलेजात माझ्याच वर्गात होती. मी सेकंड इयरला सोडलं, तिने पूर्ण केलं. माझं तिच्यावर प्रेम आहे हे तिला सोडून सगळ्या बोरीवलीला माहीत आहे. आता अंधेरीच्या एका स्टुडिओत गेमसाठी होड्या आणि लाटा रंगवते. गेमचं नाव 'सातवी लाट'. एक कोळ्याचा पोरगा वादळात होडी घेऊन निघतो. होडी हुबेहूब तिच्या बाबांची, मनोरीतली.
विचारलं, दोघांना मिळून खेळता येतं का? म्हणाली, नाही रे, एकट्याचाच गेम आहे.
वाईट वाटलं. गेमसाठी.

११ जानेवारी
अंधेरीत गेमवाल्यांचा मेळावा. तिथे मुलुंडचा निमेश. त्याचा गेम 'रिक्षा रिव्हर्स': एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने ब्रेक. ब्रेकवर जान्हवी! दोघं अकरा मिनिटं हसत होती. मी घड्याळ लावून बघितलं.
घरी येऊन रिव्ह्यू टाकला. दहापैकी दोन. खेळलो नाही, पण लांबूनही गेम कळतो. लिहिलं, दोघांनी मिळून खेळण्यापलीकडे यात काडीचं काही नाही.
'सातवी लाट'ला दहापैकी दहा. अजून बाहेर यायचाय. दूरदृष्टी पाहिजे.
डोकं तापलेलं नव्हतं. कोमट होतं.

२० जानेवारी
झकास! जान्हवी म्हणाली, १६ फेब्रुवारीला रविवार आहे, मनोरीला ये, बाबांची होडी दाखवते. मार्वेहून फेरीबोटीने. ती आणि मी. त्या होडीत मी तिला सांगणार. वाक्य पाठ करतोय.
तोवर तिच्या गेमला हात द्यायला हवा. बातमी टाकली: 'खात्रीलायक सूत्रांनुसार सातवी लाटमध्ये दोघांना एकत्र होडी चालवता येणार!'
सूत्र: मी. माझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

२२ जानेवारी, दुपार
घाटकोपरच्या चंदरने माझी बातमी ढापली! त्याचे चाळीस हजार सबस्क्राइबर. वर लिहितो, 'आमच्या दोन स्वतंत्र सूत्रांकडून.' माझं नावही नाही. त्याला आईवरून सुरुवात करून तीन ओळी टाइप केल्या.

२२ जानेवारी, संध्याकाळ
ओळी खोडल्या. शांतपणे विचार केला. चंदरकडे दोन सूत्रं आहेत म्हणजे बातमी खरीच असणार. जान्हवीने माझ्यापासून लपवलं. नोकरीशी काय इमान पोरीचं!
पोस्ट टाकली: 'आमच्या बातमीला दुजोरा.'

२९ जानेवारी
वाट लागली. जान्हवीचा फोन. त्यांच्या श्यामसुंदर सरांना वाटतंय ही खोटी बातमी तिनेच पसरवली. उद्या काढून टाकणार. विचारलं, कोण रे तुझं सूत्र? म्हटलं, पत्रकार सूत्र सांगत नाही. म्हणाली, केयूर, त्या ऑफिसात मी सोडून तू एक माणूस तरी ओळखतोस का?
सांगितलं. मीच.
तिकडून कोळीवाड्यातली एक शिवी. अर्थ कळला नाही, पण प्रेमाची नव्हती.

३० जानेवारी
गेलो अंधेरीला. सरांच्या केबिनमध्ये घुसून सांगितलं, हिचा काही संबंध नाही, बातमी मी बनवली. सर म्हणाले, अरे बाळा, तुझ्या त्या बातमीमुळे तीस हजार लोकांनी गेमसाठी आगाऊ नावं नोंदवलीत. आता खरी करावी लागणार.
जान्हवीची नोकरी वाचली. कुणामुळे? लिहायला नको. वाक्य परत पाठ करायला घेतलं.

९ फेब्रुवारी
सरांना दोघांच्या खेळाचं काम येणारा माणूस हवा होता. मिळाला. निमेश.
'रिक्षा रिव्हर्स' बंद पडला. माझे दोन गुण चंदरने ढापले, मग सगळ्यांनी. पोरगा रिकामाच होता. जान्हवी म्हणाली, सरांनी तुझा रिव्ह्यू वाचूनच कामावर घेतलं त्याला. 'दोघांनी मिळून खेळण्यापलीकडे काही नाही' वाचून म्हणाले, मग हाच पाहिजे.
कौतुक असं वाचतात का यार?
निमेश तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो. कामापुरतं.

१६ फेब्रुवारी
मनोरी रद्द. दोघांची होडी कशी चालते हे बघायला त्यांच्या ऑफिसने तिलाच पाठवलं मनोरीला. सोबत निमेश. तिच्या बाबांनी त्याला वल्हं मारायला शिकवलं म्हणे.
मी तरीही मार्वेला गेलो. शर्टाला इस्त्री केलेली होती. शेंगदाणे खाल्ले. फेरी चार वेळा गेली, चार वेळा आली.

१३ एप्रिल, सकाळ
'सातवी लाट' आला. रिव्ह्यूसाठी कॉपी मिळाली. आता पक्षपात बास. चुका शोधायला म्हणून पहिल्यांदाच एखादा गेम शेवटपर्यंत खेळलो. एकट्याने खेळलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. जाळं दगडातून आरपार जातं. सातवी लाट पाचवीच्या आधी येते. सगळं स्क्रीनशॉटसकट लिहिलं. दहापैकी चार.
रडेल आता. रडू दे. मग फोन येईल. मग मी समजूत काढीन.

१३ एप्रिल, संध्याकाळ
मेसेज आला. जान्हवी लिहिते, केयूर, पहिल्यांदाच खरं काहीतरी लिहिलंस रे, एकूण एक मुद्दा बरोबर. दहा मिनिटं हवेत होतो.
खाली अजून एक ओळ होती. 'मी निमेशलाही वाचून दाखवलं, आम्हा दोघांनाही पटलं.'
आम्हा दोघांना.
आईला विचारलं, कॉलेजचा फॉर्म अजून मिळतो का.