हॉलोवेसाहेबांच्या गाडीतली जागा

मम्मा,

गुडघा आता बरा आहे, पट्टी फक्त खेळताना बांधतो. जेवण पोटभर मिळतं, पण तुझ्या हातच्या रताळ्याच्या गोड पाईची चव कशालाच नाही. धाकटी ल्युसिंडा नीट शाळेत जाते ना?

शनिवारी मॅचनंतर हॉलोवेसाहेब भेटले. कॉलेजच्या टीमला देणग्या देतात ते. म्हणाले, "तुमच्याच गावावरून चाललोय. गाडीत बस, आईला भेटून ये."

मी गाडीचं दार उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागून आमचे कोच म्हणाले, "खेळाडूनं देणगीदाराकडून काहीही फुकट घ्यायचं नाही, असा नियम आहे. त्यांच्या गाडीतून घरी गेलास, तर पुढे खेळणं विसर."

मी दार लावलं. साहेबांना म्हटलं, "आमच्या घरासमोर हॉर्न तरी वाजवाल?"

कोच डोकं खाजवत म्हणाले, "हॉर्नवर बंदी नाही."

त्या संध्याकाळी दाराशी कुणी हॉर्न वाजवत होतं ना? तू बाहेर आली होतीस का?

तो हॉर्न म्हणजे मीच होतो.

तुझा,
टेरेल