सात नॅनोटेस्ला

१५ मार्च २०२५, शनिवार

कमलबाईने आज एका बड्या साहेबाचा पट्टा काढून घेतला! साहेब पाहणीला आलेले, मागे दोन गाड्या, सोबत चार माणसं. ही गेटवर काठवट घेऊन उभी. “लोखंड काढा.” चाव्या, मोबाईल, पेन, घड्याळ, सगळं काठवटीत. पट्ट्याच्या बक्कलाशी साहेब अडले. ही हलेना. शेवटी एका हाताने पँट धरून आत आले. मी वर बघत उभा राहिलो. हसलो असतो तर बदली होती.

पण बाईचं चुकलं नाही. इथे नियमच तो. ही भूचुंबकीय वेधशाळा. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं तर आसपास लोखंड नको. इमारतीत एक खिळा नाही – स्क्रू पितळेचे, दारं सागाची, भिंती चुन्याच्या दगडाच्या. आपला काळा दगड चालत नाही, भाजलेली वीट चालत नाही, तापीची वाळूही नाही. चुंबक फिरवा त्या वाळूतून, काळी मिशी उगवते! वाळू राजस्थानातून आणली. दोन वर्षं प्रत्येक ट्रकमध्ये मी चुंबक घेऊन चढलोय.

साहेबांनी जाताना विचारलं, “याचा उपयोग काय?” मी म्हटलं, “शंभर वर्षांनी कळेल.” त्यांना ते आवडलं नाही.

१६ मार्च, रविवार

चाळीसगावला अक्काकडे. जानेवारीत हृदयात स्टेंट बसवल्यापासून तिने मला मेलेल्यांत काढलंय. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी, वर “तेल कमी घातलंय” हे खोटं. निघताना म्हणाली, हात वर कर. नवा करदोडा बांधला कमरेला, बारीक शिवलेली पुडी आहे त्यात, मुक्ताईचा अंगारा म्हणे. आधी नवा बांधला, मग जुना कापला. क्षणभरही कंबर मोकळी ठेवायची नाही, हे लहानपणापासूनचं. चौपन्न वर्षांचा मी, हात वर करून उभा.

परतीची बस दीड तास उशिरा.

१८ मार्च, मंगळवार

सात. सातचा फरक!

लिहून ठेवतो नीट, म्हणजे डोकं शांत होईल. तळघरातलं यंत्र दिवसरात्र आपोआप नोंदतं. ते हळूहळू भरकटतं, घड्याळासारखं. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी मोजणीघरात खांबावरच्या दुर्बिणीला डोळा लावून हाताने मोजतो. यंत्राचं आणि माझं जमलं पाहिजे. चव्वेचाळीस हजार नॅनोटेस्लांत एखाद्याचा फरक चालतो. सातचा नाही. शुक्रवारपर्यंत सगळं स्वच्छ होतं.

कुठून आलं लोखंड?

२१ मार्च, शुक्रवार

नऊ.

२९ मार्च, शनिवार

आठवडा लोखंड शोधण्यात. उखर्डू आबांचा ट्रॅक्टर आधी बघितला. ही जमीन आबांनीच दिली, आणि ग्रामसभेत हात वर करून गावाने शपथ घेतली की तीनशे मीटरच्या आत ट्रॅक्टर नाही, बोअरचा पाइप नाही, पत्र्याचं शेड नाही. आबा ट्रॅक्टर नाल्यापलीकडे लावतात आणि बाकीचं पायी येतात. सत्तरी ओलांडलीय. मी विचारलं तर भडकले. “मी सबद देयेल शे!” म्हणाले, दिलेला शब्द म्हणजे शब्द. ट्रॅक्टर जिथे असायला हवा तिथेच होता.

कुंपण चालून आलो. लाकडी खांब, पितळी तार. गवतात एक जुना विळा सापडला, पण तो दीडशे मीटरवर. काढला. फरक पडला नाही.

स्वतःलाही तपासलं. चष्मा प्लास्टिकचा. बटणं प्लास्टिकची. चपला शिवलेल्या, टाचेला खिळा नाही. स्टेंटचा संशय आला होता, पण फेब्रुवारीत स्टेंटसकट आकडे स्वच्छ होते. मी सुटलो.

८ एप्रिल, मंगळवार

आठ. संस्थेत फोन केला. डॉ. अर्शी पिंजारी, आमच्या विभागाच्या प्रमुख, जळगावच्याच. शांत बाई. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, वीस जूनला समिती बसते. तोपर्यंत कारण सापडलं नाही, तर ही जागा वेधशाळांच्या यादीतून जाईल.”

जाईल म्हणजे जाईल. यंत्रं दुसऱ्या राज्यात. इमारत अशीच राहील, चुन्याची, गावाला कांदा साठवायला.

मी आधीच्या वेधशाळेत सव्वीस वर्षं होतो. शहर लांब होतं तेव्हा. मग कॉलनी आली, मग पूल आला, मग समोर मॉल. आम्ही पत्रं लिहीत राहिलो. एक दिवस यंत्रावर लिफ्टची वर-खाली उमटायला लागली. ऐंशी वर्षांची अखंड नोंद, ती लिफ्टने संपवली. वेधशाळा बांधायला तीन वर्षं लागतात, आणि तिच्याभोवती काही न बांधायला शंभर. दुसरं अवघड. हे मी समितीला बोललो होतो, त्यांनी टिपून घेतलं होतं. आता तीच समिती.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलो मी, धुराड्याखाली. लोखंड नसलेली जागा असते हेच मला पंचविशीपर्यंत ठाऊक नव्हतं. ही एक मिळाली आहे. खाली चारशे फूट तापीचा गाळ, सगळीकडे एकसारखा, दगड नाही, रेल्वे लांब. खानदेशात अशी दुसरी नाही. मी शोधलीय.

२५ एप्रिल, शुक्रवार

गेटवर कमलबाई रोजचं विचारते, “साहेब, बठ्ठं काढं ना?” सगळं काढलं ना, म्हणून. मी रोज हो म्हणतो. आज पुन्हा विचारलं. “बठ्ठं?” मी म्हटलं, “बाई, हे नियम मी लिहिलेत.” मग ती काठवट पदराने पुसत बसली.

नऊ.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सुट्टी. गावात झाडाझाडाला झोके. पोरीबाळी माहेरी आलेल्या, गाणी सकाळपासून. नवल मिस्त्री भेटला, ज्याने आपल्या भिंती बांधल्या. आंब्याचा रस ओरपत सहज बोलून गेला – मोजणीघराचा पाया भरला त्या दिवशी कमलबाईने उंबऱ्याखाली काहीतरी पुरलं. “काय?” “मला काय ठाऊक! बायकांचं असतं काहीतरी.”

पायात! उंबरा खांबापासून सहा फुटांवर. आणि मी महिनाभर गवतात विळे शोधतोय!

३ मे, शनिवार

बाईला बोलावून विचारलं. लपवलं नाही तिने. “पाया मोकळा सोडतस का, साहेब?” सुपारी, हळकुंड, तांब्याचा पैसा. एवढंच.

“आणि खिळा?”

“लोखंड नही. माले समजत नही का?”

इकडे पायात खिळा घालतातच, मला माहीत आहे. माझ्या चुलत्याच्या घराच्या पायात पाच होते. म्हटलं, खरं सांग. ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं. तोंड उघडलंही. मग मान खाली घातली आणि गेली.

माणूस खरं बोलत असेल तर मान खाली का घालतो?

६ मे, मंगळवार

आठ. कमलबाईला गेटवरून कमी केलं. संस्थेला अहवाल: “संभाव्य कारण – बांधकामावेळी अंधश्रद्धेपोटी पायात पुरलेली लोहवस्तू.” सही. उंबरा उकरायची परवानगी मागितली.

किल्ली काठवटीत ठेवून गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

उखर्डू आबा आले होते. म्हणाले, ती बाई दोन वर्षं केसाला पिन लावत नाही, दोऱ्याने अंबाडा बांधते, ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं.

१४ मे, बुधवार

उंबरा उकरला. नवलनेच, लाकडी दांड्याने आणि पितळी फावड्याने. तीन फूट.

सुपारी. हळकुंड, काळं पडलेलं. तांब्याचा एक पैसा. खिळा नाही. माती चाळली. खिळा नाही.

उंबरा परत बसवला.

१६ मे, शुक्रवार

नऊ. सावलीत बेचाळीस अंश.

कमलबाईकडे जाऊन सांगायला हवं. गेलो नाही. सुपारी सापडली म्हणून काय झालं, कारण तर सापडलं नाही! असं स्वतःला सांगितलं. पटलं नाही, पण गेलो नाही.

३ जून, मंगळवार

सात. गेट मीच उघडतो, मीच लावतो. काठवटीत माझ्याच चाव्या टाकतो. विचारणारं कोणी नाही.

यंत्रं बांधून न्यायच्या पेट्या किती लागतील, त्याची यादी केली. लाकडी, पितळी स्क्रूच्या. सतरा.

१० जून, मंगळवार

डॉ. अर्शी आल्या. आल्या आल्या गेटवर स्वतःहून सगळं काढलं, कानातलंसुद्धा. “बाई कुठे आहेत तुमच्या? मागच्या वेळी त्यांनी माझ्या ओढणीची पिन पकडली होती.” मी गेट लावून घेतलं. अहवाल त्यांनी वाचलेला होता.

म्हणाल्या, “आज मी मोजते. तुम्ही बाहेर थांबा.”

मी बाहेर निंबाखाली. पाऊण तास. माझ्या खांबावर दुसरं कोणी मोजतंय हे मला सोसत नव्हतं, सरळ लिहितो. बाहेर आल्या, हातात कागद. “शून्य पूर्णांक तीन.”

“कसला?”

“फरक, सर. काहीच नाही. जागा स्वच्छ आहे.”

मी म्हटलं, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं. शून्य पूर्णांक चार. मग त्या दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाल्या, “आता तुम्ही आत या.” उंबऱ्यात आलो. “अजून.” खांबाशी आलो. त्यांनी पुन्हा वाचलं. मग हळूच: “सर, आकडा हलला.”

दोष खांबात नव्हता. माझ्यात होता!

हातातलं लहान यंत्र घेऊन त्यांनी माझ्याभोवती फिरवलं. डोकं, नाही. छाती, नाही – स्टेंट निर्दोष. कमरेशी काटा उडाला. “खिशात काय आहे?” खिसे उलटे केले. रिकामे. मग शर्ट वर केला आणि दोघांनाही दिसलं.

करदोडा. अक्काची पुडी.

माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पट्टा ही वस्तू. घड्याळ ही वस्तू. करदोडा ही वस्तू नाहीच, ते अंगच. आंघोळीलाही निघत नाही, तर गेटवर कसा निघेल?

निंबाखाली जाऊन गाठ सोडायला लागलो. सुटेना. शेवटी नखांनी उकलली. कंबर आयुष्यात पहिल्यांदा मोकळी. आत जाऊन मोजलं. शून्य पूर्णांक तीन. बाहेर येऊन साधा सुती दोरा बांधला, तेव्हा कुठे श्वास आला.

डॉ. अर्शी हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर चाललं असतं. फक्त म्हणाल्या, “तीन महिन्यांचे तुमचे आकडे बाद करावे लागतील. आणि सर, तो अहवालही.”

११ जून, बुधवार

पुडी उसवली. अंगारा, आणि त्यात बोटाच्या पेराएवढा खिळा. अक्काला फोन. “हां मग! घोडाना नालना खिळा शे त्यामा. तुले साडेसाती शे ना!” आणि वर, “काढला का काय? काढला म्हणजे?” खोटं बोललो. कमरेलाच आहे म्हटलं.

डॉ. अर्शींनी समितीला कळवलं: जागा निर्दोष, निरीक्षकाची चूक, शिफारस कायम. आधीचा अहवाल मागे घेतला, माझ्या सहीने. पेट्यांची यादी फाडली. उखर्डू आबांना सांगितलं. ते म्हणाले, “आनी ती बाई?”

१३ जून, शुक्रवार

शून्य पूर्णांक दोन.

दुपारी कमलबाईंच्या घरी गेलो. ओट्यावर बसून माफी मागितली. सगळं सांगितलं, खिळ्यासकट. त्यांनी पाणी दिलं. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणून विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

“नळवर हातपाय धोतस ना, तवय पुडी दिसनी माले. असी पुडीमा खिळाच ऱ्हास.”

“मग सांगायचं ना, बाई! मी तुमच्यावर आळ घेतला. काम गेलं तुमचं!”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग भिंतीवरच्या धन्याच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत म्हणाल्या, “त्यासना करदोडा कापताना मी देखेल शे. मरेल मानुसना काढतस, साहेब. तुमले जित्ता मानुसले, काढा म्हनीसन, कशी सांगू?”