गोंबोत्सचं हसू

३ मार्च, सोमवार

हसले! सगळेच्या सगळे मला हसले!

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख रोनाय सर, त्यांचं पुस्तक आलं — हसण्यावरचं. माकडं कशी हसतात, माणसं कशासाठी हसतात, आणि शेवटी आमचे पांढरे उंदीर. गुदगुल्या थांबवल्या की उंदीर हाताच्या मागे धावतो, आणखी मागतो — हे आमच्या प्रयोगशाळेत आधी पाहिलं कोणी? मी! सहा वर्षं पिंजऱ्यात हात माझा. पुस्तकात नाव नाही, आभारातही नाही. मीटिंगमध्ये विचारलं तर सर म्हणतात, "एतेल्काबाई, गुदगुल्या करायचाच पगार मिळतो ना तुम्हाला? की आता आम्ही तुम्हाला करायच्या?"

झाडलोट करणारी पिरोश्का मावशीसुद्धा हसली. नंतर म्हणते, "अगं, सगळे हसले म्हणून हसले. एकटीनंच तोंड पाडून कसं बसायचं?"

बघतेच एकेकाला.

६ मार्च, गुरुवार

ठरलं. एकवीस तारखेला अख्खं सेगेद शहर प्रयोगशाळा बघायला येणार. सर स्वतः गोंबोत्सला गुदगुल्या करून दाखवणार. गोंबोत्स माझा लाडका उंदीर — नावाप्रमाणेच आलुबुखार भरलेल्या उकडीच्या गोळ्यासारखा गुबगुबीत. त्याचं हसू इतक्या वरच्या पट्टीत, की नुसत्या कानाला ऐकू येत नाही, यंत्रातून चिवचिव येते. माझा हात दिसला की लगेच सुरू!

त्या दिवशी लोक हसतील, पण सरांना. त्यांचे हातमोजे खुंटीवर तसेच राहिलेत — पाइपच्या तंबाखूचा नुसता भपकारा.

७ मार्च

सरांचा मोजा चढवला. गोंबोत्सला शेपटीला धरून उलटा टांगला, तोंडावर जोरात फुंकर मारली. चिवचिव नाही. यंत्रातून खालच्या पट्टीतला लांबच लांब सूर — भीतीचा. खाली ठेवला. मग मीटिंगमधले ते दात आठवले. पुन्हा उचलला.

१२ मार्च

रोज.

१८ मार्च, मंगळवार

आता नुसत्या वासानेच कोपरा धरतो. शाबास रे पठ्ठ्या! पिरोश्का मावशी विचारत होती, "गोंबोत्स नीट खात नाही का गं?" म्हटलं, हवा बदलली.

२१ मार्च, शुक्रवार

झालं! गोंबोत्स सरांना कडकडून चावला, वर बाहीवर मुतला. सभागृहात एकच हशा! सहा वर्षं वसूल!

आणि तो मेला माणूस स्वतःच खो खो हसत सुटला! रक्ताळलेलं बोट वर धरून म्हणतो, "बघा, माझे विनोद इतके भिकार, की उंदीरसुद्धा हसत नाही!" टाळ्याच टाळ्या. सगळे त्यांचे झाले. पिरोश्का मावशीने डोळे पुसत मला कोपरानं ढोसलं — "हस की गं!"

हसले. काय करणार?

२४ मार्च, सोमवार

मोजे जाळले. हात तीनदा साबणाने धुतले, उघडाच पिंजऱ्यात घातला. "ये रे, गोंबोत्स. मी आहे."

कोपऱ्यात गेला. तोच लांब सूर. मोज्याच्या आत हात कोणाचा, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!

यंत्र बंद केलं. आता ऐकू येत नाही, एवढंच.