कपाळाकडे नेलेलं पिस्तूल

अण्णा, इतक्या वर्षांनी लिहितोय, उशिराबद्दल रागावू नका. तुम्ही गेल्यावर खूपदा वाटलं, पण माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, कागद पुढे घेतला की काय आधी आणि काय नंतर ते कळेनासं होतं. आता मात्र अडलंय. मी लंडनमध्ये क्रॉयडनला मुलाकडे राहतो. त्याची मुलगी, म्हणजे तुमची पणती, इथल्या पोलिसांत आहे. इथले पोलीस बहुतेक बिनहत्यारी हिंडतात. हत्यार थोड्यांनाच मिळतं, त्याचं ट्रेनिंग वेगळं. ते मिळावं म्हणून पोरीने जिवाचं रान केलं. परवा ट्रेनिंगमध्ये सगळ्यांच्या हातात पहिल्यांदा नवं, छोटं पिस्तूल दिलं आणि तिथेच घोटाळा झाला.

तिने सगळं नीट केलं, असं म्हणते. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे, बोट चापाच्या बाहेर. गोळ्यांचं मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढून धरली, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघितलं, मग करंगळीने चाचपलं. रिकामं. ट्रेनर म्हणाला, गुड. आणि अण्णा, तिने ते पिस्तूल नमस्कार करायला कपाळाकडे नेलं! ट्रेनर ओरडला, सगळी रांग जागच्या जागी थांबली. पिस्तूल काढून घेतलं आणि तिला ट्रॅमने घरी पाठवून दिलं. तिला ट्रेनिंगमध्ये ठेवायचं की काढायचं ते सोमवारी ठरणार.

किचनमध्ये कोट न काढताच बसली होती. मी म्हटलं, "अगं पण रिकामं होतं ना? तू स्वतः बघितलंस ना?"

"आजोबा, रिकामा असला तरी डोक्याकडे नाही न्यायचा. नेव्हर. मला माहीत होता. पण हात आपोआप गेला."

सून भांडी लावता लावता म्हणाली, "जाणारच. पेन्सिल कपाळाला, सायकलचं हँडल कपाळाला. बाबांनी मायक्रोवेव्ह तेवढा सोडला." तिने हसवायला म्हटलं, पण हसलं कोणी नाही. वापरण्याआधी वस्तू कपाळाला लावायची, हे पोरीला मीच शिकवलं. आणि मी ते तुमच्याकडून घेतलं. निदान मला तसं वाटत आलंय.

माझी नोकरी लागायची होती तेव्हा मी तुमचा डबा घेऊन पोलीस शस्त्रागारात यायचो. एकदा एक शिपाई रायफल जमा करायला येतो. "रिकामी आहे, हवालदारसाहेब." तुम्ही म्हणता, "तुझं डोकं रिकामं आहे. उघड." बोल्ट मागे, तुम्ही बघता, बोट घालता, मग शेजारच्याच्या हातात देता, तर तोही पुन्हा तेच करतो. मी मध्येच बोललो, "अण्णा, आत्ताच तर बघितलंत!" माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "मी बघितलं. ह्याने कुठे बघितलं?" त्या दिवशी डबा तसाच ठेवून मी निघून आलो होतो, एवढं लागलं ते मला.

तेही ठीक. पण खंडेनवमीचं काय? टेबलावर पांढरी चादर, झेंडूची फुलं, ओळीने मांडलेल्या रायफली. कुंकू फक्त लाकडी दस्त्यावर, लोखंडाला तुम्ही लावू द्यायचा नाहीत. पुढे तुम्ही रायफल उचलून कपाळाला लावायचात, की ती भिंतीकडे तोंड करून तशीच ठेवायचात आणि डोकं तिच्यापाशी नेऊन वाकायचात? सकाळी वाटतं, उचलायचात. दुपारी वाटतं, छे, तुम्ही आणि नळी डोक्याकडे? पोरगी विचारते, "पणजोबा कसं करायचे? मला मंडेला नीट सांगायचंय, मी निष्काळजी नाही." तुम्ही उचलत असाल तर तिने सांगावं, आमची रीतच आहे. वाकत असाल तर म्हणावं, रीत बरोबर होती, मधे आजोबांनी उलटी केली. मी काय सांगू तिला? चुकीचं सांगितलं आणि तेच तिने तिथे सांगितलं तर?

पाकीट आणलंय, पण वर पत्ता काय घालणार? टेबलावर पडलंय. अण्णा, मला ती चादर दिसते, तुमच्या नखांतलं तेल दिसतं, तुमचं डोकं मात्र दिसत नाही. तुम्ही नमस्कार करायचात तेव्हा मी डोळे मिटून हात जोडलेले असायचे. कधी बघितलंच नाही. सोमवारच्या आत काहीतरी कळवा.