एक कळ, तीस कॉम्प्युटर

३ फेब्रुवारी, सोमवार
प्राचार्यांनी बोलावलं. सतराला कॉलेजच्या लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षा. तीस मुलं, तीस कॉम्प्युटर, प्रत्येकात परीक्षेचं सॉफ्टवेअर हवं. सगळं नीट पार पडलं तर माझ्या हुद्द्यातलं 'प्रभारी' काढून टाकू म्हणाले. सहा वर्षं प्रभारी आहे. त्या शब्दाचीच किळस आली आहे. आणि नाही पार पडलं तर लॅब टायपिंगच्या बाईंकडे, मी स्टोअरमध्ये. हे ते हसत म्हणाले, पण दार उघडं होतं आणि बाई दारातच उभ्या होत्या.

बाईंनी लगेच सुचवलं की दोघांनी एकेक पेन ड्राइव्ह घेऊन कॉम्प्युटरमागून कॉम्प्युटर भरत जावं, दोन दिवसांत होईल. काय हे मागासलेपण! मी समजावलं. एक कॉम्प्युटर नीट तयार करायचा. त्याची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, सर्व्हरवर ठेवायची. बाकीचे सुरू होताना नेटवर्कवर हाक मारतात, सर्व्हर ओ देतो आणि इमेज आपोआप उतरते. एक कळ दाबायची, तीस तयार. बाई म्हणाल्या, बरं. त्यांचं ते 'बरं' मला सहन होत नाही.

४ फेब्रुवारी
सर्व्हरसाठी स्टोअरमधला जुना कॉम्प्युटर काढला. उघडला तर आत झुरळांचा संसार. शी. शिपायाला साफ करायला सांगितलं तर तो म्हणाला, तुम्हीच उघडलात ना.

एक बारीक अडचण. 'सुरू होताना आधी नेटवर्कला विचार, मग स्वतःच्या डिस्ककडे बघ' हे सेटिंग प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये हाताने करावं लागतं. म्हणजे कॉम्प्युटरपाशी जावं लागू नये म्हणून एकदा प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जावं लागतं. गेलो. कीबोर्ड बघवत नाहीत. केस, बिस्किटाचा चुरा, एकात तर कापलेली नखं. ही पिढी देश चालवणार. तीन वेळा साबणाने हात धुतले, जेवण गेलं नाही.

बाई पाहत होत्या. मी इतका वेळ काय करतोय असं त्यांनी शिपायाला विचारलं, मला ऐकू येईल असं.

बायकोचा फोन. घरातला छोटा राउटर कुठे आहे, आतल्या खोलीत नेट येत नाही. बघतो म्हटलं. (तो माझ्या केबिनच्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात आणला. लॅबच्या नेटवर्कची वायर त्यात खोचली की मोबाइलला झकास नेट मिळतं, मॅच अडकत नाही. मेंदूने काम करणाऱ्याला विश्रांती लागते.)

५ फेब्रुवारी
इमेज तयार. सुरेख. बाईंना परस्पर हात घालायची सवय आहे, म्हणून पासवर्ड असा ठेवला की त्या जन्मात ओळखणार नाहीत. इथेही लिहीत नाही. एवढंच, की त्यात त्या आहेत.

सर्व्हरला सांगून ठेवलं: कुणीही हाक मारली की परवानगी मागत बसू नकोस, डिस्क पूस आणि इमेज उतरव. सारखं विचारणाऱ्या यंत्रांचा मला तिटकारा आहे. माणसांचाही.

येताना नेमप्लेट रंगवायला टाकली. 'विभागप्रमुख, संगणक'.

६ फेब्रुवारी, सकाळी
आज दाबणार.

६ फेब्रुवारी, दुपारी
दाबली. तीसही स्क्रीन काळे. प्रत्येकाला नेटवर्कवरचा पत्ता मिळाला, पण 'पुढचं कुठून घेऊ' याचं उत्तर कुणालाच मिळालं नाही. मिनिटभर ताटकळून सगळे जुन्याच डिस्कवरून सुरू झाले. निर्लज्ज.

कारण उघड आहे. वायरिंग. ते केलं त्या इलेक्ट्रिशियनला मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

७ फेब्रुवारी
इलेक्ट्रिशियन आला. सगळ्या वायरी तपासल्या, ठीक आहेत म्हणाला. स्वतःच्या कामाला कोण वाईट म्हणेल? त्याने विचारलं, माझ्या कपाटात जाणारी वायर कसली. त्याला म्हटलं, ती माझी आहे, तिला हात लावायचा नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
तेरा नंबर चालला! 'इमेज उतरत आहे' अशी अक्षरं, खाली हळूहळू सरकणारी पट्टी. डोळ्यांत पाणी आलं. पट्टी संपल्यावर पासवर्ड मागितला. बाई मागेच उभ्या होत्या, त्यांना पाठ फिरवायला लावून टाकला. बाई म्हणाल्या, बरं.

धावत जाऊन प्राचार्यांना घेऊन आलो. त्यांच्यासमोर चौदा चालेना, पंधरा चालेना, तेरासुद्धा पुन्हा चालेना. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. बड्या माणसांसमोर यंत्रं बुजतात, हा माझा अनुभव आहे. त्यांनाही तसं सांगितलं. त्यांना ते आवडलं नसावं.

११ फेब्रुवारी
सापडलं! इंटरनेटवर वाचलं. एका नेटवर्कवर पत्ते वाटणारा एकच असावा लागतो. कुणी परस्पर दुसरा राउटर लावला की तोही पत्ते वाटू लागतो, आणि तो आधी बोलला की कॉम्प्युटर त्याचंच ऐकतो. त्या बिचाऱ्या डबड्याला सर्व्हरचा पत्ता कुठून ठाऊक असणार? मग सगळं ठप्प. क्वचित सर्व्हर आधी बोलतो, तेव्हा एखादा तेरा नंबर चालतो. तंतोतंत आपलंच!

म्हणजे घातपात. कॉलेजात कुणीतरी चोरून राउटर लावला आहे. अशा माणसाची मला मनापासून घृणा वाटते. संस्थेच्या नेटवर्कवर स्वतःची चैन!

नोटीस लावली: 'परस्पर राउटर लावणाऱ्यावर कडक कारवाई होईल.' प्राचार्यांनी तपासाचं काम मलाच दिलं.

बायकोने पुन्हा विचारलं. मी एका गंभीर तपासात आहे, राउटरचा डबा कसला विचारतेस, असं म्हटलं. ती म्हणाली, तपासच करताय तर आपल्या डब्याचाही करा.

१२ फेब्रुवारी
ऑफिस, ग्रंथालय, प्रयोगशाळा, सगळीकडे धाड. बाईंच्या खोलीत अर्धा तास. टेबलावर फक्त थर्मास आणि ओला नॅपकिन. नॅपकिनला वास. राउटर नाही. माझ्या केबिनमधला मोजला नाही, तो घरचा आहे.

१३ फेब्रुवारी
तपासाचा अहवाल दिला. पुरावा नाही, पण संशय बाईंवर, असं स्पष्ट लिहिलं. इतकं रिकामं टेबल कुणाचं असतं? काहीतरी लपवल्याशिवाय नाही.

प्राचार्यांनी वाचला, घडी घातली आणि पेपरवेटखाली ठेवला. मग म्हणाले, चार दिवस उरलेत, बाई म्हणतात तसं पेन ड्राइव्हने करा.

कपाट उघडून मॅच लावली. नेट उत्तम होतं, तेवढाच दिलासा.

१५ फेब्रुवारी, शनिवार
काल आणि आज पेन ड्राइव्ह. बाईंनी बावीस कॉम्प्युटर केले, मी आठ. माझ्या आठांतले तीन त्यांनी पुन्हा केले. मग प्रत्येकात मुलाचं नाव आणि बैठक क्रमांक भरला, तेही त्यांनीच, गप्पा मारत. प्राचार्य येऊन 'शाबास, मंडळी' म्हणाले. अनेकवचनात म्हणाले, पण बघत होते बाईंकडे.

बाईंनी जाताना विचारलं, ते नेटवर्कचं सेटिंग परत फिरवायचं ना? फिरवायचं म्हणजे पुन्हा ते तीस कीबोर्ड. ती नखं. नको. मिनिटभर थांबून सुरू होतातच की. सर्व्हरही बंद केला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

संध्याकाळी बायकोने निर्वाणीचं सांगितलं: डबा तरी घरी येईल नाहीतर मी माहेरी जाईन. कपाटातून काढून पिशवीत टाकला. या घरात माझ्या विश्रांतीची किंमत कुणाला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
बायको खूश. आतल्या खोलीत नेट आलं. मलाही बरं वाटलं. उद्या फक्त शिपायाने सगळे कॉम्प्युटर सुरू करायचे आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून उभं राहायचं. बिघडायला आता काही उरलेलंच नाही.

१७ फेब्रुवारी, दुपारी
मुलं बसली. बाहेरून आलेले पर्यवेक्षक बसले. शिपायाने सगळे कॉम्प्युटर सुरू केले.

एक नंबरवर 'इमेज उतरत आहे'. मग दोनवर. मग पूर्ण रांगेवर. मागच्या भिंतीपर्यंत तीसच्या तीस पट्ट्या एका वेगाने सरकत होत्या. इतकं देखणं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नाही. क्षणभर प्राचार्यांचा हात धरला. मग त्यांनी विचारलं, हे काय पुसलं जातंय?

बाईंनी भरलेलं सगळं. नावं, क्रमांक, सगळं.

सर्व्हरची वायर उपटायला निघालो तर बाईंनी अडवलं. आता अर्ध्यात तोडलं तर एकही सुरू होणार नाही म्हणाल्या. बरोबर होतं ते, म्हणून जास्त लागलं. केबिनमध्ये जाऊन कपाट उघडलं. आत नुसती वायर लोंबत होती. गुन्हेगार सापडला. पुरवणी अहवाल देणार नाही.

पट्ट्या संपल्या. तीसही कॉम्प्युटरनी पासवर्ड मागितला. मी म्हटलं, एकेक करून मीच टाकतो. तीन झाले तोवर पर्यवेक्षक ओरडले, आधीच पाऊण तास गेलाय, पासवर्ड फळ्यावर लिहा, मुलं टाकतील.

लिहिला. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून: बाईंनाकाहीयेतनाही.

मागून एक मुलगा मोठ्याने वाचू लागला आणि मध्येच थांबला. हसलं कुणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मुलं एकेक अक्षर शोधून दाबत होती, चुकत होती. बाईंनी पदर खोचला आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. मान माझ्याकडे, बोटं कीबोर्डवर. उरलेल्या सत्तावीस कॉम्प्युटरवर त्यांनी ते वाक्य टाइप केलं, एकदाही खाली न बघता, एकदाही न चुकता. मग नावं आणि क्रमांक पुन्हा भरले. परीक्षा झाली.

मी म्हटलं, बाई, ते जरा गमतीत. त्या म्हणाल्या, बरं.

१८ फेब्रुवारी
स्टोअर. ओल, धूळ, एक खिडकी, तीही उघडत नाही. इथे नेट अजिबात येत नाही. बायकोकडे डबा मागितला. नाही म्हणाली.

नेमप्लेट आली. अक्षरं सुरेख काढली आहेत. लावायला खिळा हवा होता. शिपाई म्हणाला, बाईंना विचारून सांगतो.